वासराची हगवण आणि अंगणातलं मूल

जालना जिल्ह्यातल्या बहुतेक खेड्यांत गोठा घरापासून लांब नसतो. भोकरदन-जाफराबादकडच्या वस्त्यांवर तर ओसरीला लागूनच दावण असते. बैलजोडी, एखादी गाय, मराठवाडी म्हैस, चार शेळ्या, आणि वारं लागू नये म्हणून भिंतीच्या आडोशाला बांधलेलं नुकतं जन्मलेलं वासरू. धुणीभांडी त्याच अंगणात, रांगणारं मूलही तिथेच. अशा घरात एक प्रश्न वरचेवर निघतो, तो म्हणजे जनावराच्या पोटातले जंत माणसाला होतात का? विचारणारी बहुधा मुलाची आई किंवा आजी असते, कारण शेण काढणं आणि पोराला भरवणं ही दोन्ही कामं तिच्याच हातची.

एका शब्दात उत्तर देता येत नाही. जनावराच्या आतड्यात राहणारे परजीवी अनेक प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचा प्रवास वेगळा. अडचण अशी, की ज्यांना पाहून आपण घाबरतो ते सहसा माणसाकडे येत नाहीत आणि जे येतात ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे काळजी चुकीच्या जागी केली जाते आणि खरी वाट उघडी राहते.

दिसणाऱ्यांपासून सुरुवात करू. वासरू किंवा रेडकू दोन-तीन आठवड्यांचं झालं की कधीकधी त्याचं पोट मोठं दिसायला लागतं, अंगावरचे केस राठ होतात, शेण चिकणमातीसारखं करडं पडतं आणि तोंडाला आंबूस वास येतो. एखाद्या दिवशी शेणातून पांढरट, वीतभर लांबीचा जंत पडतो. हा ‘टॉक्सोकॅरा व्हिट्युलोरम’ नावाचा गोलकृमी. इतक्या लहान वासरात एवढा मोठा जंत येतो कुठून? आईच्या दुधातून. गाय-म्हैस गवताबरोबर या कृमीची अंडी गिळते. तिच्या पोटात अळ्या बाहेर पडतात, पण मोठ्या होत नाहीत. यकृतात, फुप्फुसात, स्नायूंत त्या गप्प पडून राहतात. वेत जवळ आलं की त्या कासेकडे सरकतात आणि पहिल्या काही दिवसांच्या चिकातून व दुधातून वासराच्या पोटात उतरतात. तिथे त्यांची वाढ होते आणि साधारण तिसऱ्या आठवड्यापासून शेणात अंडी पडू लागतात. वासरू चार-सहा महिन्यांचं झालं की बहुतेक जंत आपोआप बाहेर पडतात, मात्र तोवर अशक्तपणाने बरीच वासरं दगावलेली असतात.

म्हणूनच पशुवैद्य पहिलं जंतनाशक जन्मानंतर १० ते १६ दिवसांच्या दरम्यान द्यायला सांगतात. जंत अंडी घालू लागण्याआधीच मारला, तर वासरू वाचतं आणि गोठ्याच्या जमिनीत पुढच्या वर्षाचं बी पडत नाही. जंत दुधातून येतात हे कळल्यावर काही जण चीकच पाजायचा टाळतात, तर काही घरांत जार पडेपर्यंत वासराला कासेला लावत नाहीत. दोन्ही घातक आहे. चीक पहिल्या तासा-दोन तासांत पोटात गेला पाहिजे, कारण वासराला रोगांशी लढण्याची पहिली ताकद दुसरीकडून कुठूनही मिळत नाही. जंताचा बंदोबस्त औषधाने नंतर करता येतो, हुकलेल्या चिकाचा करता येत नाही.

हा जंत माणसाच्या आतड्यात वाढत नाही. तरीही त्याच्यावर आळ येतो, कारण लहान मुलांच्या शौचातून पडणारा गोल जंत दिसायला तसाच असतो. पण मुलांचे जंत माणसाच्या विष्ठेने खराब झालेल्या मातीतून येतात. शाळा-अंगणवाड्यांत २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्या दिवशी मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी या माणसाच्या जंतांसाठी आहे. ती जरूर द्यावी, मात्र तिच्यामुळे गोठ्याकडून येणारा धोका टळला असं समजू नये.

मोठ्या जनावरांतले जंत वेगळे. पावसाळ्यात हिरव्या गवतावर चढून बसणाऱ्या गोलकृमींच्या अळ्या चरताना पोटात जातात आणि जठरात-आतड्यात रक्त पितात, अन्नरस खातात. जनावर खंगतं, जबड्याखाली पाणी साचतं, दूध घटतं. यातले नेहमीचे गोलकृमी शेणातून माणसाला सहसा होत नाहीत. पैठणच्या डाव्या कालव्याचं पाणी अंबड, घनसावंगी, परतूरकडे फिरतं. कालव्याच्या पाझराने जिथे डबकी साचून राहतात तिथे पाण्यातली गोगलगाय टिकते आणि तिच्या अंगात यकृतातल्या व रुमेनमधल्या चपट्या कृमींचं अर्धं आयुष्य जातं. यकृतकृमी माणसाला होऊ शकतो, पण शेणातून किंवा दुधातून नव्हे. अशा पाण्यातली पाणवनस्पती कच्ची खाल्ली तर होतो. आपल्याकडे ती सवय नाही. या कृमींमुळे शेतकऱ्याचं जे नुकसान होतं ते जनावराच्या अंगातच होतं, आणि ते काही थोडं नाही.

रक्ती हगवणीचंही तसंच. महिन्या-दोन महिन्यांचं वासरू कुंथून कुंथून रक्ताचं शेण टाकतं तेव्हा घरातली माणसं घाबरून जातात. हा ‘आयमेरिया’ नावाच्या एकपेशीय परजीवीचा प्रताप. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात जशा चारा छावण्या उभ्या राहिल्या, तशी दाटी आणि ओल जिथे असते तिथे तो फोफावतो. गाईचा आयमेरिया गाईलाच बाधतो, माणसाला नाही. वासराला मात्र त्या दिवशीच दवाखाना दाखवावा.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहितो आहे त्याच्याकडे येऊ. त्याचं नाव क्रिप्टोस्पोरिडियम. हासुद्धा एकपेशीय आहे आणि आयमेरियाचा दूरचा भाऊबंद आहे. वासरू पाच-सहा दिवसांचं झाल्यापासून तीन आठवड्यांचं होईपर्यंतचा काळ याचा. शेण पिवळसर आणि पाण्यासारखं पातळ होतं, शेपूट व मागचे पाय भरून जातात, डोळे आत जातात, वासरू उठायचा कंटाळा करतं. रक्त दिसत नाही, जंत दिसत नाही. म्हणून घरात म्हणतात, ‘दूध जास्त झालं असेल,’ आणि दूध तोडतात.

आत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. या परजीवीचं अंड्यासारखं कवच असतं, त्याला ऊसिस्ट म्हणतात. त्याची जाडी सुमारे ५ मायक्रॉन, म्हणजे अशी दहा-बारा कवचं एका ओळीत ठेवली तर कुठे डोक्यावरच्या एका केसाची जाडी भरेल. कवच लहान आतड्यात पोहोचलं की फुटतं आणि चार बारीक जीव बाहेर पडतात. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषणारे बारीक अंकुर असतात. त्यांच्या पेशींच्या कडेला, वरच्या पापुद्र्याखाली हे जीव घुसतात आणि तिथेच वाढतात. अंकुर झिजून आखूड होतात. दूध पोटात जातं पण शोषलं जात नाही, उलट पाणी बाहेर सुटतं. नव्याने तयार होणारी कवचं दोन तऱ्हेची असतात. जाड कवचाची शेणातून बाहेर पडतात, पातळ कवचाची आतल्या आत फुटून त्याच वासराला पुन्हा लागण करतात. त्यामुळे एकदा शिरकाव झाला की नवा परजीवी बाहेरून यावाच लागत नाही.

आयमेरियाचं कवच शेणातून पडल्यावर ओलीत काही दिवस राहिल्याशिवाय लागण करू शकत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमचं कवच मात्र बाहेर पडतानाच तयार असतं. आजारी वासरू दिवसाला अशी अब्जावधी कवचं टाकू शकतं. माणसाला किती पुरतात? १९९५ साली अमेरिकेत २९ निरोगी स्वयंसेवकांवर याचा अभ्यास झाला. वासरांतल्या जातीची सरासरी १३२ कवचं पोटात गेली की निम्म्या माणसांना लागण होते, असा त्याचा निष्कर्ष निघाला. धष्टपुष्ट प्रौढांचा हा आकडा. बोटाच्या नखाखाली अडकलेल्या शेणात याहून कितीतरी जास्त मावतात.

हा जीव शास्त्राला ठाऊक झाला १९०७ मध्ये, अर्नेस्ट टायझर यांनी उंदरात पाहिला तेव्हा. वासरात तो १९७१ साली नोंदला गेला आणि माणसात १९७६ साली. त्या पहिल्या रुग्णांपैकी एक होती अमेरिकेतल्या ग्रामीण टेनेसीतली ३ वर्षांची मुलगी. पुढे एड्सच्या साथीत याने माणसं मारली, तेव्हा जग जागं झालं. १९९३ च्या वसंतात मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. तिथलं पाणी गाळलेलं होतं, त्यात क्लोरिनही घातलेलं होतं.

क्लोरिनचा मुद्दा आपल्या गावांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात टँकर येतो, गावच्या विहिरीत किंवा टाकीत ओतला जातो, जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो आणि पाणी शुद्ध झालं असं आपण धरतो. पटकी, विषमज्वर यांच्या जंतूंपुरतं ते खरंच शुद्ध होतं आणि ती पावडर कधीही चुकवू नये. पण लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरिन असलेल्या पाण्यात हगवणीचे नेहमीचे जिवाणू मिनिटभरात मरतात, तर क्रिप्टोस्पोरिडियमच्या कवचाला दहा दिवसांहून अधिक लागतात. विहिरीच्या कठड्याला भेग असेल, वरच्या अंगाला उकिरडा असेल आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, की शेणाचं पाणी आत उतरायला तेवढं पुरतं.

फडक्याने गाळण्याचाही इथे उपयोग नाही. जुन्या माणसांना नारू आठवतो. बारवेच्या पाण्यातून पोटात जाणारा आणि पायातून हातभर लांब बाहेर पडणारा. नारूच्या मोहिमेत पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्यायला शिकवलं आणि ते लागू पडलं, कारण नारूची अळी पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या किड्याच्या पोटात असायची आणि तो किडा फडक्यात अडकायचा. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्या यशातून फडक्यावर बसलेला विश्वास अजून टिकून आहे, पण ५ मायक्रॉनचं कवच फडक्याच्या विणीतून सहज निघून जातं. त्याला मारते ती उकळी. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की काम झालं. दुधाचंही तेच. आपल्या घरांत दूध तापवण्याची रीत आहे म्हणून आपण मोठ्या धोक्यातून वाचतो. धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून लहान मुलाला तसंच पाजतात, ते मात्र बंद व्हायला हवं. धार काढताना वासरू कासेला लावलेलं असतं, त्याचे भरलेले पाय नि शेपूट तिथेच असतात. बादलीत एक शिंतोडा उडाला तरी पुरे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भारतातल्या मुलांत जे क्रिप्टोस्पोरिडियम सापडतं, ते सगळं वासरांकडून आलेलं नसतं. वासरांत आणि माणसांत फिरणारी जात ‘पार्व्हम’, आणि जवळजवळ माणसांतच फिरणारी ‘होमिनिस’. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने मुलांवर केलेल्या अभ्यासांत बहुतेक लागण होमिनिसची निघाली. मिलवॉकीच्या साथीतही सुरुवातीला गुरांवर संशय होता, पण पुढे जपलेल्या नमुन्यांची तपासणी झाली तेव्हा माणसातलीच जात सापडली. म्हणजे गोठ्याइतकंच, किंबहुना जास्तच, माणसाच्या विष्ठेकडे लक्ष द्यायला हवं. तरीही वासरू आणि मूल एकाच अंगणात असतं तिथे ही दुसरी वाट उघडीच असते. बाजारातून विकत आणलेलं आजारी वासरू असेल तर अधिकच. माझ्या मते घरात दोन वर्षांखालचं मूल असेल, तर वासराची हगवण हा घरातल्या सगळ्यांच्या काळजीचा विषय मानला पाहिजे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिका आणि आशियातल्या सात ठिकाणच्या मोठ्या अभ्यासात कोलकाताही होतं. त्यात वर्षाच्या आतल्या बाळांच्या मध्यम ते तीव्र हगवणीच्या कारणांत रोटाव्हायरसनंतर दुसरा क्रमांक क्रिप्टोस्पोरिडियमचा लागला. रोटाव्हायरसवर आता लस आहे. याच्यावर नाही.

जिआर्डिया नावाचा आणखी एक एकपेशीय परजीवी वासरांत सापडतो. गुरांतला त्याचा नेहमीचा प्रकार माणसाला क्वचितच होतो, पण दोघांना होणारा एक प्रकार आहे. काळजी घ्यायची ती तशीच. पट्टकृमींचं गणित आणखी निराळं. ‘टीनिया सॅजिनाटा’ या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून वैरणीवर जातात आणि गुरांच्या मांसात गाठी धरतात, म्हणजे इथे देणारा माणूसच असतो. हायडॅटिड गाठी गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतात-फुप्फुसात होतात, पण माणसाला त्या शेणातून होत नाहीत. कुत्र्याने अशा गाठी खाल्ल्या की त्याच्या आतड्यात कृमी वाढतो आणि कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी माणसाच्या पोटात जातात. म्हणून बोकड कापल्यावर आतलं कुत्र्यापुढे टाकायचं नाही, पुरायचं, आणि राखणीच्या कुत्र्यालाही जंताचं औषध द्यायचं.

मग ओळखायचं कसं? डोळ्यांनी ओळखता येत नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली येतं. जंतांच्या अंड्यांसाठी सोपी युक्ती आहे. दोन-तीन ग्रॅम ताजं शेण मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवायचं, गाळायचं, नळी काठोकाठ भरायची आणि वर काचेची चकती ठेवायची. मिठाचं पाणी जड, अंडी हलकी. पंधरा-वीस मिनिटांत ती वर तरंगून काचेला चिकटतात आणि त्यांच्या आकारावरून जंत कोणता ते कळतं. क्रिप्टोस्पोरिडियमसाठी शेणाचा पातळ थर काचपट्टीवर पसरून वाळवतात, गडद गुलाबी रंग देतात आणि आम्लाने धुतात. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, या कवचांचा सहसा उतरत नाही. मग हिरवा किंवा निळा रंग दिला की त्या पार्श्वभूमीवर लालसर गोल ठिपके उठून दिसतात. थुंकीतून क्षय शोधण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर चालते, म्हणून हे रंग ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेलाही नवे नाहीत. नमुना जमिनीवरचा नको, थेट गुदद्वारातून घेतलेला ताजा हवा आणि त्याच दिवशी पोहोचवायला हवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत तो पुढे पाठवता येतो. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. जनावर हलवण्यासारखं नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरतं पशुपथक बोलावता येतं.

क्रिप्टोस्पोरिडियमच्या हगवणीवर गावातल्या दुकानात मिळणारं जंतनाशक चालत नाही. आदल्या आठवड्यातच औषध पाजल्याचं घरचे सांगतात, पण ते औषध दुसऱ्याच शत्रूचं असतं. वासराला तगवतात ते पाणी, मीठ-साखरेचं द्रावण, ऊब आणि दूध. दूध तोडायचं नाही, थोडं थोडं करून जास्त वेळा पाजायचं. पाजताना मान फार उंच करू नये, नाहीतर ठसका लागून पाणी फुप्फुसात जातं. आजारी वासरू इतरांपासून वेगळं आणि घराच्या दारापासून दूर बांधावं. आधी निरोगी जनावरांचं करावं, आजाऱ्याचं शेवटी. शेण-मूत काढलेल्या हातांनी थेट पिठाच्या परातीकडे किंवा बाळाकडे जाऊ नये, मध्ये साबणाने हात चोळून धुवावेत. करोनाकाळात घरोघरी आलेलं सॅनिटायझर या कवचाचं काही करत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

आणखी एक साधन आपल्याला फुकट मिळालं आहे, ते म्हणजे मराठवाड्याचं ऊन. कवच क्लोरिनला दाद देत नाही, पण कोरडेपणा त्याला अजिबात सोसत नाही. पूर्ण वाळलं की काही तासांत मरतं. म्हणून खडखडीत वाळलेल्या गोवऱ्यांना घाबरायचं कारण नाही. धोका आहे तो ताज्या पातळ शेणात, ओल्या गोठ्यात, पावसाळ्याच्या चिखलात. हगवण लागलेल्या वासराचं शेण सड्याला किंवा सारवणाला वापरू नये, आणि घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा केमोथेरपीवरचा, एचआयव्हीचा रुग्ण असेल तर आजारी वासराचं काम दुसऱ्याने करावं. वासराची जागा उन्हात येईल अशी ठेवावी, खालचा पेंढा रोज बदलावा, वापरलेला पेंढा विहिरीपासून लांब खड्ड्यात टाकावा. खत चांगलं तापलं की आतली उष्णताही उरलेलं काम करते.

आणि मुलाला हगवण लागलीच, तर पहिल्या तासापासून ओआरएस, त्याबरोबर १४ दिवस झिंक, आणि अंगावरचं दूध चालूच. आठवडा उलटूनही पातळ होत असेल तर डॉक्टरांकडे जाताना एवढं सांगावं, की घरी वासरू आहे आणि त्यालाही नुकतीच हगवण लागून गेली. शौचाच्या नेहमीच्या तपासणीत हा परजीवी सहसा निसटतो. तो शोधण्यासाठी वेगळा रंग वापरायला मुद्दाम सांगावं लागतं, आणि डॉक्टर ते तेव्हाच सांगतात जेव्हा त्यांना गोठ्याचा पत्ता लागतो. जिआर्डियावर चालणारं मेट्रोनिडाझोल याच्यावर चालत नाही. निटाझोक्झानाइड नावाचं औषध आहे, ते वर्षावरच्या मुलांना देता येतं, पण डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. जनावरांचा दवाखाना आणि माणसांचा दवाखाना यांच्या नोंदवह्या वेगळ्या असतात. दोन्हीकडची गोष्ट ठाऊक असते ती फक्त घरातल्या बाईला. तिने ती आपणहून सांगावी, आणि डॉक्टरांनीही नाव-वय-वजनाबरोबर घरात वासरू आहे का हे विचारावं.